चार आण्यांचे तिकीट आणि शेजारचा पडदा : वसई-विरार परिसरातील अल्प उत्पन्न कुटुंबे व बालपणीचे चित्रपटवेड

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने निर्माते, दिग्दर्शक, कलावंत आणि चित्रसंस्था यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. प्रेक्षकाचा विचार झाला तरी तो बहुधा तिकीट खरेदी करणाऱ्या प्रौढ, शहरी प्रेक्षकाचा झाला. ज्याच्या खिशात स्वतःचा पैसा नाही, ज्याला चित्रपट पाहण्यासाठी आईवडिलांची परवानगी, शेजाऱ्याची मेहेरबानी किंवा उत्सवाचे निमित्त लागते, असा गरीब घरातील बालप्रेक्षक या इतिहासात क्वचितच दिसतो. वास्तविक पाहता चित्रपटाची गोडी बहुतेकांना बालपणीच लागते आणि भारतातील बहुसंख्य मुलांचे बालपण काटकसरीच्या घरात गेले आहे. त्यामुळे या प्रेक्षकाला वगळून लिहिलेला चित्रपटाचा सामाजिक इतिहास अपुरा राहतो.

प्रस्तुत निबंधात वसई-विरार परिसर केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. हा परिसर निवडण्याची कारणे दोन. भारतीय चित्रपटाची जन्मभूमी असलेल्या मुंबईपासून तो लोहमार्गाने सुमारे दोन तासांच्या आत आहे. तरीही उत्पन्न, घरभाडे आणि प्रवासखर्च यांच्या दृष्टीने तो दीर्घकाळ मुंबईच्या बाहेरच राहिला. दुसरे म्हणजे मुंबईत राहणे परवडेनासे झालेल्या कुटुंबांनी ज्या भागांचा आसरा घेतला, त्यांत विरारचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पडदा जवळ आणि पैसा दूर, अशी ही स्थिती होती.

अल्प उत्पन्न कुटुंबातील मुलाचे चित्रपटवेड हा वैयक्तिक छंद असला, तरी तो भागवण्याची साधने सामूहिक होती, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे. तंबू, उत्सवाचा पडदा, शेजारचा दूरदर्शन संच आणि वर्गणीतून आणलेला व्हीसीआर या सर्वांत एकाचा खर्च अनेकांत वाटला जात होता. या वाटणीतूनच या मुलांची चित्रपट पाहण्याची विशिष्ट रीत घडली.

दराची उतरंड आणि एक बालप्रेक्षक

दिनांक ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्याचा प्रवेशदर एक रुपया होता. त्या काळातील श्रमिकाच्या मिळकतीचा विचार करता हा दर त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. मात्र त्याच महिन्यात हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलवले गेले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दरांची श्रेणी ठरवण्यात आली. भारतात चित्रपटाचा प्रवेश झाल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत त्याने कमी पैशाच्या प्रेक्षकासाठी जागा केली, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे अनेक दशके टिकलेली आसनांची उतरंड, म्हणजे पडद्यालगतची स्वस्त बाके आणि मागील महाग आसने, हिचे मूळ येथे शोधता येते. नाटकात पुढची जागा महाग असे. चित्रपटात ती स्वस्त झाली. गरीब घरातील मुलांनी पडदा मान वर करून पाहिला, त्यामागे हे दरपत्रक होते.

शासनानेही या करमणुकीकडे लवकरच उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले. १९२३ मध्ये मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा झाला. पुढे १९२७-२८ मध्ये रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने साक्षी नोंदवल्या, तेव्हा मुलांवर होणारा चित्रपटाचा परिणाम हाही चौकशीचा विषय होता. मूल या कागदपत्रांत येते ते प्रामुख्याने ज्याचे रक्षण करावयाचे अशा दुर्बल घटकाच्या रूपात. ते चित्रपटावर प्रेम करणारे, पैसे साठवणारे, पाहिलेली गोष्ट घरी येऊन सांगणारे माणूस आहे, याची नोंद त्यांत अभावानेच आढळते.

अशा मुलाची एक नोंद मात्र भारतीय चित्रपटाच्या उगमापाशीच आहे. दादासाहेब फाळके १९११ च्या एप्रिलमध्ये आपला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस येथे चित्रपट पाहावयास गेले. पडद्यावर हलणाऱ्या प्राण्यांची हकीकत भालचंद्राने घरी येऊन आईला सांगितली, परंतु घरातील कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सर्व कुटुंबाला घेऊन गेले. ईस्टरचे दिवस असल्यामुळे तेथे ख्रिस्तजीवनावरील चित्रपट दाखवला जात होता. तो पाहताना त्यांच्या मनात राम-कृष्णांची चित्रे पडद्यावर आणण्याचा विचार आला, हे सर्वश्रुत आहे. त्यामागे एका मुलाने घरी येऊन केलेले वर्णन आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

या काळात फाळके कुटुंबाची आर्थिक स्थिती हलाखीची होती. मुद्रणव्यवसायातून ते बाहेर पडले होते. लंडनच्या प्रवासासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यातील रोहिदासाच्या भूमिकेत भालचंद्रच होता. चित्रपटाचा खर्च घरखर्चातून निघाला, भूमिकेसाठी मूल घरातीलच घेतले गेले आणि सर्व मंडळींचे जेवणखाण सरस्वतीबाईंनी सांभाळले. अल्प धन असलेले घर, मूल आणि चित्रपट यांचे नाते भारतीय चित्रपटाइतकेच जुने आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

वसई-विरार : अंतर, रोजगार आणि लोहमार्ग

गिरगावातील मुलाला चित्रपटगृह चालत गाठता येत होते. वसई तालुक्यातील मुलाची स्थिती निराळी होती. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची विरार ते बॅकबे अशी गाडी एप्रिल १८६७ मध्ये सुरू झाली, आणि विजेवर चालणारी उपनगरी गाडी १९३६ मध्ये विरारपर्यंत पोहोचली. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. मुंबई नकाशावर जवळ आली, तरी चित्रपटाच्या तिकिटाला गाडीच्या तिकिटाची जोड द्यावी लागत होती.

या परिसराचे पारंपरिक अर्थजीवन शेती, बागायत, दुग्धव्यवसाय, मासेमारी आणि मिठागरे यांवर उभे होते. केळी, भाजीपाला आणि फुले पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील कोळी कुटुंबे मासळीवर जगत. या व्यवसायांत मुलांचे श्रम गृहीत धरलेले असत. भाजीच्या जुड्या बांधणे, फुले खुडणे, मासळी वाळत घालणे, गुरे पाहणे ही कामे शाळेच्या वेळेबाहेर मुलेच करीत. चित्रपटाची किंमत म्हणूनच तीन भागांत मोजावी लागते : प्रवेशाचे तिकीट, प्रवासाचा खर्च आणि कामातून काढलेला वेळ. श्रीमंत घरातील मुलासाठी पहिलाच भाग महत्त्वाचा असतो. गरीब घरात तिसरा भाग अनेकदा सर्वांत जड ठरतो, कारण पाहिलेल्या तीन तासांचे काम घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. ते काम बहुधा थोरल्या बहिणीच्या वाट्याला येत असे. मुलींचे चित्रपट पाहणे मुलांपेक्षा कमी राहिले, याची मीमांसा सामाजिक बंधनांबरोबर श्रमविभागणीच्या अंगानेही करावयास हवी.

स्वातंत्र्योत्तर काळात या भागात आणखी एक वर्ग येऊ लागला. मुंबईतील घरे न परवडणारे गिरणी कामगार, कारकून, लहान व्यावसायिक आणि उतरत्या परिस्थितीतील कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या शेवटच्या स्थानकांकडे सरकली. १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाल्यानंतर बांधकामाचा वेग कितीतरी वाढला. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० इतकी नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा परिसर ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात आला. शेतकरी-कोळी मुलांचे बालपण आणि चाळीत वाढणाऱ्या स्थलांतरित मुलांचे बालपण, असे दोन प्रवाह येथे शेजारी-शेजारी वाहत राहिले.

तंबू आणि उत्सवाचा पडदा

चित्रपटगृहापर्यंत जाणे शक्य नव्हते, तेथे चित्रपटच प्रेक्षकांकडे आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून अब्दुलअली युसुफअली यांच्यासारखे फिरते प्रदर्शक तंबू आणि प्रक्षेपक घेऊन गावोगाव हिंडू लागले. पुढे महाराष्ट्रात जत्रेच्या हंगामाशी जोडलेली तंबू सिनेमाची परंपरा रुजली. जमिनीवर बैठक, मधोमध दोरी किंवा कनात लावून केलेले स्त्री-पुरुषांचे विभाग, एकाच प्रक्षेपकामुळे रीळ बदलताना पडणारा खंड आणि दिवसा गावातून फिरणारी ध्वनिक्षेपकाची गाडी ही त्याची सर्वपरिचित वैशिष्ट्ये होत. पैसे नसलेल्या मुलाला येथे कष्टाच्या मोबदल्यात आत जाता येई. पाणी भरणे, जाहिरातीचे फलक मिरवणे, तंबूचे दोर ओढणे अशी कामे करून प्रवेश मिळवणारी मुले हा तंबू सिनेमाच्या व्यवहाराचाच एक भाग होता.

या परंपरेने घडवलेल्या कलावंतांत सुलोचनाबाई लाटकर यांचे नाव घेता येते. बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट या गावी जन्मलेल्या सुलोचनाबाईंना चित्रपटाची ओढ लागली ती गावात येणाऱ्या तंबूमुळे. तेथून त्या कोल्हापूरला भालजी पेंढारकरांच्या चित्रसंस्थेत पोहोचल्या. शहरी बाजूने पाहता भगवान पालव, म्हणजेच भगवानदादा, यांचे उदाहरण आहे. गिरणी कामगाराचा हा मुलगा मूकपटांच्या वेडातून चित्रसृष्टीत आला आणि १९५१ च्या ‘अलबेला’ने घराघरांत पोहोचला. पुढे निर्मितीतील तोट्यामुळे त्यांना वैभव गमवावे लागले आणि अखेरचे दिवस दादरच्या चाळीत काढावे लागले. बालपणी मोहवणारा चित्रपट प्रौढपणी घर मोडूही शकतो, हा मुद्दा पुढे विरारच्या संदर्भात पुन्हा विचारात घ्यावा लागेल.

मुंबई आणि तिच्या लगतच्या भागात तंबूची जागा बऱ्याच अंशी उत्सवाच्या पडद्याने घेतली. गणेशोत्सवात किंवा सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त चाळीच्या अंगणात अथवा गल्लीत पांढरे कापड ताणून सोळा मिलिमीटरच्या प्रक्षेपकावर चित्रपट दाखवला जाई. खर्च मंडळाच्या वर्गणीतून होत असल्यामुळे प्रवेश विनामूल्य असे. पुढे जागा न मिळालेली मुले पडद्याच्या मागील बाजूस बसत. त्यांना चित्र उलटे दिसे, श्रेयनामावली वाचता येत नसे, नायक डाव्या हाताने लढे. तरीही त्यांचा आनंद कमी होत नसे. दूरदर्शनपूर्व काळात वाढलेल्या पिढीच्या आठवणींत या ‘उलट्या’ चित्रपटाचा उल्लेख वारंवार येतो.

या पडद्यावर गरीब मुलांनी काय पाहिले, हाही प्रश्न आहे. १९५३ साली आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. साने गुरुजींच्या कथनातील कोकणातील दारिद्र्य, कर्ज आणि मानीपणा यांचे चित्रण वसईसारख्या उत्तर कोकणातील प्रेक्षकाला परके नव्हते. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मध्ये भीक मागण्यास नकार देणारी दोन मुले होती. १९५५ मध्ये शासनाने बालचित्र समितीची स्थापना केली. ही संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तथापि मुलांसाठी म्हणून काढलेल्या चित्रपटांपेक्षा मोठ्यांसाठी काढलेले, मारामारी, गाणी आणि अश्रू यांनी भरलेले चित्रपटच या मुलांनी अधिक पाहिले. जे फुकट किंवा स्वस्त मिळेल ते पाहावयाचे, अशी स्थिती असताना निवडीला फारसा वाव नव्हता.

शेजारचा पडदा : रेडिओ, दूरदर्शन आणि व्हीसीआर

चित्रपट पाहता येत नसला तरी तो ऐकता येत होता. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची गीतमाला सुरू झाली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीची स्थापना झाली. रेडिओसाठी परवाना शुल्क भरावे लागत असे आणि संचही महाग होता. त्यामुळे तो चहाच्या टपरीवर, केशकर्तनालयात किंवा चाळीतील एखाद्या बऱ्या घरात ऐकला जाई. न पाहिलेल्या चित्रपटाची गाणी पाठ असणे आणि त्यावरून कथेची कल्पना करणे ही गरीब मुलांची एक सार्वत्रिक सवय होती.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट, तसेच आठवड्यातून एकदा ‘छायागीत’, हे वेळापत्रक पुढील दीड दशक मुंबई परिसरातील कुटुंबांचे सामाजिक वेळापत्रक बनले. संच असलेले घर एक आणि पाहणारी घरे अनेक. मोठी माणसे खुर्चीवर, ओळखीची मुले जमिनीवर आणि उरलेली उंबऱ्याबाहेर किंवा खिडकीत, अशी बैठकीची नवी उतरंड तयार झाली. चित्रपटगृहात ती पैशाने ठरत असे. येथे ती नात्याने, जातीने, स्वच्छतेच्या कल्पनांनी आणि यजमानाच्या मर्जीने ठरू लागली. काही घरांत नाणे घेऊन प्रवेश दिला जाई, काही घरांत मुलांकडून किरकोळ कामे करून घेतली जात. फुकट पाहण्याची किंमत पुष्कळदा मानहानीच्या रूपात चुकवावी लागे. रविवारी संध्याकाळी अर्ध्या चित्रपटात दार लावून घेतले गेल्याची आठवण या पिढीच्या कथनांत ठिकठिकाणी आढळते. शेजारधर्माच्या गौरवात ही बाजू झाकली जाऊ नये.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि त्याच दशकात व्हीसीआर पसरला. गरीब वस्तीत तो विकत घेतला गेला नाही, भाड्याने आणला गेला. चाळीतील घरांनी वर्गणी काढावयाची, एका रात्रीसाठी संच आणि तीन-चार ध्वनिचित्रफिती आणावयाच्या आणि पहाटेपर्यंत सलग पाहावयाच्या, ही पद्धत रूढ झाली. कोणते चित्रपट आणावयाचे यावर वाद होत. बहुधा एक धार्मिक किंवा कौटुंबिक, एक मारामारीचा आणि एक नवीन असा समझोता होई. मूल या निर्णयप्रक्रियेत साक्षीदार असे. उत्सवाच्या मंडळात आणि व्हीसीआरच्या वर्गणीत त्याला चित्रपटाचे अर्थशास्त्र फार लहानपणी समजत होते.

विरारचे एक घर

वसई-विरारच्या संदर्भात या विषयाचे सर्वांत सुपरिचित उदाहरण अभिनेते गोविंदा यांचे आहे. २१ डिसेंबर १९६३ रोजी जन्मलेले गोविंद अरुण आहुजा हे सहा भावंडांत धाकटे. वडील अरुणकुमार आहुजा यांनी मेहबूब खान यांच्या ‘औरत’ (१९४०) या चित्रपटात भूमिका केली होती. आई निर्मलादेवी या पतियाळा घराण्याच्या ठुमरी गायिका म्हणून आणि अभिनेत्री म्हणून ज्ञात होत्या. अरुणकुमारांनी निर्मितीत पाऊल टाकले, तो चित्रपट पडला आणि प्रकृतीही ढासळली. कार्टर रोडवरील बंगला सोडून कुटुंब विरारला आले. गोविंदा यांचे बालपण आणि तारुण्य येथेच गेले व पदवीचे शिक्षण वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयात वाणिज्य शाखेत झाले. वाण्याच्या दुकानात उधारीसाठी ताटकळत उभे राहावे लागल्याच्या आठवणी त्यांनी मुलाखतींतून सांगितल्या आहेत.

या उदाहरणाचे वेगळेपण नीट समजून घेतले पाहिजे. अन्य गरीब घरांत चित्रपट बाहेरून येत होता. या घरात तो भूतकाळ म्हणून उपस्थित होता. मुलाला दिसणारे दारिद्र्य चित्रपटानेच आणले होते. अशा घरात चित्रपटाची ओढ ही साधी हौस राहत नाही. ज्या धंद्याने घर बुडवले त्याच धंद्याकडे पुन्हा पाहण्याचा तो धोका असतो. भगवानदादांच्या बाबतीत उत्कर्षानंतर चाळ आली. आहुजा कुटुंबात वडिलांच्या पडतीच्या काळातील विरारच्या वस्तीतून मुलगा पुन्हा चित्रसृष्टीकडे निघाला.

त्यांच्या वाटचालीतील साधने पाहिली तर ती याच निबंधात वर्णन केलेल्या व्यवस्थेतील आहेत. पाश्चात्त्य आणि हिंदी नृत्यपटांचे अनुकरण करीत त्यांनी तासन्‌तास सराव केला. सरोज खान यांच्याकडे नृत्य शिकण्यासाठी ते विरारहून येत, त्या वेळी शुल्क देण्याची ऐपत नव्हती आणि तरीही त्यांनी शिकवले, ही हकीकत दोघांकडूनही सांगितली गेली आहे. निर्मात्यांना दाखवण्यासाठी त्यांनी आपल्या नृत्याची व्हीएचएस ध्वनिचित्रफीत तयार केली. ज्या यंत्राने चाळींमध्ये सामूहिक रात्री घडवल्या, त्याच यंत्राने एका अनोळखी तरुणाला चित्रसंस्थांच्या दारापर्यंत नेले. उसनी विद्या, भाड्याचे तंत्र आणि लोकलचा प्रवास या तीन गोष्टींवर ही सुरुवात झाली.

१९८६ मध्ये ‘इल्जाम’ प्रदर्शित झाला. त्यातील नायक रस्त्यावर नाचून-गाऊन गर्दी जमवणारा तरुण होता. पुढील दशकात ‘कुली नं. १’ (१९९५) आणि तत्सम चित्रपटांतून त्यांनी उभा केलेला नायक हमाल, चालक, नोकर अशा श्रमिक वर्गातील, बोलघेवडा आणि अंगभूत लयीवर भरवसा ठेवणारा होता. इंग्रजी वळणाच्या सभ्यतेचा अभाव हा त्याचा न्यूनगंड न राहता त्याची गंमत बनली. पडद्यालगतच्या बाकांवरील प्रेक्षकांनी या नायकाला आपले मानले. ‘विरारचा छोकरा’ हे बिरुद कौतुकाचे झाले, ही गोष्ट वसई-विरारच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. तोवर मुंबईकराच्या बोलण्यात विरार म्हणजे शेवटचे स्थानक, गर्दी आणि नाइलाज असा अर्थ होता. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघातून, ज्यात तेव्हा वसईचाही समावेश होता, ते राम नाईक यांचा पराभव करून निवडून आले.

मात्र एका यशस्वी उदाहरणावरून सामान्य नियम काढणे धोक्याचे आहे. आहुजा कुटुंबाकडे पैसा नव्हता, परंतु संगीताची विद्या आणि चित्रसृष्टीतील जुनी ओळख होती. त्याच गाडीने प्रवास करणाऱ्या हजारो मुलांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांचे चित्रपटवेड कारखान्यात, दुकानात आणि कार्यालयात मुरून गेले. इतिहासाच्या दृष्टीने तेही तितकेच महत्त्वाचे आहे.

तुलनेसाठी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील जेऊर या गावाचा विचार उपयुक्त ठरेल. वडार समाजातील गरीब कुटुंबात १९७७ साली जन्मलेल्या नागराज मंजुळे यांनी शाळा बुडवून गावात ध्वनिचित्रफितींवर चित्रपट पाहिल्याचे सांगितले आहे. त्यांच्या घरात चित्रपटाचा कोणताही वारसा नव्हता. तेथून ‘पिस्तुल्या’ हा लघुपट, ‘फँड्री’ आणि २०१६ चा ‘सैराट’ इथवरचा त्यांचा प्रवास झाला. विरारच्या मुलाने पडद्यावरील श्रमिकाला हसते-नाचते केले. जेऊरच्या मुलाने त्याच पडद्याला जातीचा प्रश्न विचारला. दोघांनाही चित्रपट प्रथम मिळाला तो प्रतिष्ठित चित्रसंस्कृतीच्या बाहेर.

एकट्याचा पडदा

१९९० नंतर केबल वाहिन्यांनी आणि पुढे स्वस्त दूरदर्शन संचांनी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर बसण्याची गरज संपवली. यात मुक्तीचा अंश निश्चित होता; मुलांना मानहानी सोसावी लागेनाशी झाली. २००१ नंतर महाराष्ट्र शासनाने करमणूक करातील सवलतींद्वारे बहुपडदा चित्रपटगृहांना उत्तेजन दिले. वसईतील पार्वतीसारख्या एकपडदा चित्रपटगृहांच्या परिचित जगाशेजारी वसई, नालासोपारा आणि विरार येथे नवी वातानुकूलित चित्रपटगृहे उभी राहिली. त्यांच्या रचनेत पडद्यालगतचे स्वस्त बाक मात्र उरले नाही. १८९६ मध्ये चार आणे आणि दोन रुपये यांत असलेले आठपटींचे अंतर कमी झाले ते तळाचा दर वर जाऊन.

करविषयक धोरणातही हा बदल उमटला आहे. १ जुलै २०१७ पासून करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला आणि शंभर रुपये ही स्वस्त तिकिटाची मर्यादा ठरली. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. सवलत स्वागतार्ह आहे. परंतु चार माणसांच्या कुटुंबाला शंभर रुपयांची चार तिकिटे, प्रवास आणि खाणे हा खर्च आजही दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहावा लागतो.

आता मुलाच्या हातात बहुधा घरातील कोणाचा तरी भ्रमणध्वनी असतो आणि त्यावर चित्रपट, गाणी व तुकडे अखंड उपलब्ध असतात. दर्शनाचा खर्च इतिहासात कधी नव्हता इतका कमी झाला आहे. परंतु खर्चाबरोबर वाटणीही गेली आहे. वर्गणी, निवडीचा वाद, मागच्या बाजूने पाहणे, अर्ध्यावर राहिलेली गोष्ट दुसऱ्याकडून ऐकणे या साऱ्यांतून मूल एकाच वेळी प्रेक्षक, कथनकार आणि समूहाचा घटक बनत होते. फिरत्या तंबूंचीही अखेर जवळ आल्याचे चित्र ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटाने जगासमोर आणले; कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेखाने गौरव झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला, अल्प उत्पन्न कुटुंबातील मुलाच्या चित्रपटवेडाचा इतिहास हा तिकिटाच्या दराइतकाच अंतर, श्रम आणि उसन्या जागेचा इतिहास आहे. वसई-विरारमध्ये हे तिन्ही घटक लोहमार्गामुळे ठळकपणे दिसतात. दुसरा, सामूहिक दर्शनात सौहार्दाबरोबर अपमानही होता. त्याचे स्मरण केवळ हळवेपणाने करणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. तिसरा, या रीतीने घडलेल्या प्रेक्षकाने पुढे पडद्यावरील नायक बदलला. श्रमिकाची बोली, चाल आणि विनोद यांना मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यामागे स्वस्त बाकांवर आणि शेजारच्या उंबऱ्यावर वाढलेल्या पिढ्या होत्या.

तंबू, उत्सवाचा पडदा आणि शेजारचा कृष्णधवल संच प्रत्यक्ष अनुभवलेली पिढी आता उतारवयात आहे. तिकिटाचे तुकडे, वर्गणीच्या वह्या आणि पडद्याची कापडे जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. चित्रपटगृहांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या की पत्त्यातील नावेही पुसली जातात. वसई परिसरातील महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांकडे या इतिहासाचे सर्वाधिक साधन आहे, आणि ते कोळी, वाडवळी, सामवेदी, आगरी अशा बोलींत आहे. इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन प्रकल्पकार्याच्या रूपाने या आठवणींचे पद्धतशीर ध्वनिमुद्रण व लेखन केले, तर चित्रपटाच्या इतिहासात गरीब घरातील मुलाची, आणि काम उरकून मगच पडद्यापाशी पोहोचलेल्या त्याच्या बहिणीची, योग्य ती नोंद होऊ शकेल. हे काम पुढील काही वर्षांतच करावे लागेल.